घरचं टेबल

मला पूल खेळायला ज्यांनी शिकवलं त्यांना जळगावात आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. मारवाडी माणूस. खाली कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर चार टेबलांचा हॉल. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. सातवीत असताना शाळा सुटल्यावर तिच्यामागे एकदा तो जिना चढले आणि माझ्या गावची, असोद्याची बस चुकली. पुढे कित्येक वर्षं ती बस मी ठरवून चुकवली.

संध्याकाळी हॉल कॉलेजच्या पोरांनी भरायचा, म्हणून भाऊंनी आम्हा दोघींसाठी शाळा सुटल्यावरची दुपार राखून ठेवली. सुरुवातीला त्यांनी बॉलला हातच लावू दिला नाही. टेबलावर एक रिकामी बाटली आडवी ठेवायचे. हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला टेकवायची आणि क्यूचं टोक बाटलीच्या तोंडातून आतबाहेर न्यायचं. काच वाजली की पुन्हा पहिल्यापासून. मैत्रीण वैतागून खिडकीत जाऊन बसायची. मी हट्टी, मी वाजवायचंच बंद केलं. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही माझी दुसरी मुलगी." मला गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू?

मग बॉल आले. भाऊंचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "पांढरा कुठे थांबतो ते बघ. रंगीत जातोच." आणि पांढऱ्यानं टोलवलेला रंगीत बॉल खरंच जायचा. टेबलाच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या, म्हणजे पॉकेटच्या, कडेला लागला तरी जायचा, जोरात मारला तरी जायचा. मी धडाधड मारत सुटायचे आणि संध्याकाळची पोरं कधी लवकर आली तर तोंडात बोटं घालायची. राज्याच्या संघात जायचं, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. मला दुसरं काही नकोच होतं.

माझे वडील, आबा, केळीवाले. पूल म्हणजे काय ते त्यांना कधीच नीट कळलं नाही. पोरगी काठीनं गोट्या मारते आणि एक भला माणूस तिला शिकवतो, एवढं त्यांना पुरे होतं. त्या भल्या माणसाकडे ते माझ्याबरोबर केळीची फणी पाठवायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर हमखास. मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसमधून न्यायचे, कारण खाली ठेवली तर केळी काळी पडतात.

भाऊंच्या घरी मी पुष्कळदा गेले. स्वयंपाकघरात बसून त्यांच्याकडचं दालबाटी चुरमा खाल्लं. मागची खोली मात्र कायम बंद असायची. दुकानाचा माल आहे, असं मैत्रीण म्हणायची. कापडवाल्याच्या घरात माल असणारच, मी कशाला शंका घेऊ?

बारावीनंतरच्या वर्षी राज्य संघाच्या निवडीचे सामने धुळ्याला होते. भाऊंच्या गाडीतूनच आम्ही दोघी गेलो. पहिल्याच सामन्यात मी कोपऱ्यातला सोपा बॉल नेहमीसारखा जोरात मारला. तो पॉकेटच्या एका कडेला लागला, दुसऱ्या कडेला लागला आणि तोंडाशीच खडखडून बाहेर आला. मला वाटलं, हात हलला. दुसरा बॉलही तसाच आला, आणि तिसराही. मग मी घाबरून हळू मारायला लागले, तर बॉल पॉकेटपर्यंत पोचेनात.

तो हॉल चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. सामना संपल्यावर त्या जवळ आल्या. "पोरी, तुना हात चांगला शे," त्या म्हणाल्या. "पन तू कोठे खेयस? बठ्ठा गोया तोंडवर अडकी ऱ्हायनात." कुठे खेळतेस, सगळे बॉल तोंडाशीच का अडकतात, असं त्या विचारत होत्या; मी सांगितलं जळगाव. त्यांनी सांगितलं की निवडीच्या टेबलांची पॉकेटं अशीच अरुंद असतात, सराव अशाच टेबलावर करायचा. जमेल तेव्हा इथे ये, असंही म्हणाल्या.

तोवर पलीकडच्या टेबलावर माझी मैत्रीण खेळत होती. ती जळगावसारखी खेळतच नव्हती. प्रत्येक बॉल सावकाश, पॉकेटच्या बरोबर मधोमध, आणि एकही तोंडाशी वाजला नाही. बाटली वाजवून खिडकीत बसणारी ती मुलगी राज्याच्या संघात निवडली गेली.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे भाऊंनी एका ढाब्यावर गाडी थांबवली. ते खुशीत होते, शेवभाजी सांगून बसले. आम्ही दोघी नळावर हात धुवायला गेलो. मी तिला विचारलं, "तुला ती पॉकेटं अरुंद नाही वाटली?"

ती हातावर साबण चोळत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरचं टेबल त्याहून अरुंद आहे."

"घरचं? कुठे?"

"मागच्या खोलीत. पप्पांनी तोंडाशी जाड रबर बसवून घेतलंय. तुला सांगायचं नाही असं ते म्हणाले होते." ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही. इतकी वर्षं रोज शेजारी उभी राहून तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

मी तशीच ओल्या हातानं भाऊंसमोर जाऊन उभी राहिले. "हॉलमधली पॉकेटं मोठी आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"बस आधी," ते म्हणाले. "गार होईल." मी बसले नाही. तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि अगदी शांतपणे समजावून सांगितलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला कापडाचा पोत सांगतात. "हॉलची मोठीच ठेवावी लागतात. येणाऱ्याचा बॉल गेला पाहिजे, नाहीतर तो उद्या येत नाही. आणि बेटा, यात नवीन काय आहे? तुमच्याकडे तेच करतात ना? ट्रकमध्ये भरता तो माल वेगळा, घरी खाता तो घड वेगळा."

ते खरं होतं. आमच्याकडे व्यापाऱ्याचा माल कच्चाच कापून जातो. घरासाठी मात्र आबा एक घड झाडावर भरपूर भरू देतात आणि वाळल्या पानांत गुंडाळून, गोणपाटाखाली पिकत घालतात. असोद्यात घरोघरी हेच चालतं. मी शेवभाजीला हात लावला नाही आणि गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की दुसरी मुलगी, दुसरी मुलगी असं कोणीतरी डोक्यात बोलत होतं आणि मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटत होतं.

महिनाभर मी जळगावला फिरकले नाही. मग एका दुपारी भाऊंचा फोन आला, आवाज तोच, गोड. राष्ट्रीय सामने जवळ आलेत, मुलीला सरावाला तोडीची जोडीदार पाहिजे, तेव्हा आता तू घरीच येत जा, मागच्या खोलीत. "तुझाही फायदाच आहे," ते म्हणाले. ज्या टेबलानं मला संघात नेलं असतं, त्या टेबलाचं दार उघडलं होतं. फक्त आता त्यांच्या मुलीला माझी गरज होती म्हणून उघडलं होतं.

आणि सांगायला लाज वाटते, पण मला जावंसं वाटलं. फार वाटलं. फोन ठेवून मी आबांना सगळं सांगितलं. धुळ्याचं, मागच्या खोलीचं, भाऊंनी दिलेल्या घडाच्या दाखल्याचंही. आबा ओट्यावर केळीची वाळली पानं निवडत बसले होते.

"तुले जायचं असीन त जाय," ते म्हणाले. "पन त्याले सांग. त्याच्याकडे जे फनी जाये ना, ते कधी ट्रकमधली नव्हती. ते आपल्या घरच्याच घडातली व्हती."

मी भाऊंना काहीच सांगितलं नाही, फोनही केला नाही. रविवारी सकाळी अक्कांच्या हॉलवर जायला म्हणून धुळ्याची बस धरायला निघाले. आबांनी दारातच पिशवी माझ्या हातात दिली. आत पिवळीधमक फणी होती, अक्कांसाठी. मी ती काढून ओट्यावर ठेवली. घरच्या घडातलं आता कोणाला आधीच द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. मी क्यू खांद्याला लावला आणि रिकाम्या हातानं स्टँडकडे चालू लागले.