लेझरबाईंची नापास पेटी

लेझरबाईंना किळस फार लवकर यायची. डब्यातल्या आंबलेल्या वरणाचा वास आला, तरी त्या चटकन तोंड फिरवायच्या. त्या मूळच्या माजरीच्या. बालपण कोळशाच्या धुळीत गेलेलं, त्यामुळे मळक्या कपड्यांचं त्यांना काही वाटत नसे. मळक्या कामाचं मात्र वाटे.

चंद्रपूरजवळच्या सोलर पॅनेलच्या कारखान्यात त्या लेझर मशीनवर होत्या, मी तपासणीच्या कॅमेऱ्यावर. पॅनेलमध्ये बसणारा काचेसारखा पातळ सेल लेझरच्या किरणाने मधोमध कापायचा, हे त्यांचं काम. किरण जास्त तीव्र झाला की सेलला बारीक तडे जात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नसत, माझ्या कॅमेऱ्यात काळ्या रेघा उमटत. सेल कसा धरायचा, ते त्यांनीच माझी बोटं हातात घेऊन शिकवलं. "पापडावानी हाय पोरी," त्या म्हणायच्या. "आज तडा लपवला, तं उद्या उन्हात बोंबलते."

एकदा मशीन बिघडलं. बाईंनी बंद केलं, शिफ्टच्या साहेबांनी ते तसंच चालू करायला लावलं. दुपारपर्यंत पेटीभर सेल काळ्या रेघांचे निघाले. बाईंनी पेटीवर लाल मार्करने 'नापास' लिहिलं. साहेब हसले.

"गडचिरोलीकडच्या दवाखान्यांचा माल आहे, बाई. जंगलात कोण बघायला जातो?"

ताटात मेलेली पाल निघावी, तसा बाईंचा चेहरा झाला. "तिथं लेकराईच्या लशी थंड पेटीत ठेवतेत, साहेब. करंट गेला तं लस खराब. तुमच्या पोराले देता का तसली लस?"

साहेब माझ्याकडे वळले. 'पास'चा कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. नोकरी नवी होती, घरात मी एकटीच कमावती होते. हे कारण मी अजूनही स्वतःला सांगते आणि ऐकताना मलाच ओकारी येते.

बाईंनी पेटी उचलली आणि सगळ्यांदेखत फरशीवर उपडी केली. सेलचा चुरा झाला. मग हातमोजे काढून त्या माझ्याजवळ आल्या.

"काऊन केलं, पोरी?"

मी पुढचा सेल कॅमेऱ्याखाली ठेवला. त्या गेटबाहेर निघून गेल्या, त्या कायमच्याच.

दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर दुसरी बाई बसली. रेघा तशाच येत राहिल्या. मी आठवडाभर सह्या केल्या, माल गेला, मग नोकरी सोडली.

पुढे एकदा माजरीला त्यांच्या घरी गेले. बाईंनी दार उघडलं, मला ओळखलं, तांब्याभर पाणी आणून दिलं. बस म्हणाल्या नाहीत.