मंडळीचं वजन

आमच्या जुन्नर भागात गोळ्या लिहून दिल्या की पेशंटचं तोंड पडतं. "म्याडम, एक बाटली लावा की," म्हणतात. सलाईन लावल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटतच नाही कुणाला. या बाटलीच्या हट्टावर मी कित्येक वर्षं भांडत आले आहे. आणि त्याच मी एका बाईला अडीच दिवसांत आठ बाटल्या आपणहून लावल्या. सांगताना अजून लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

बाई साठीची, महाळुंगे पडवळच्या बाजूची. घरी थोडी शेती आणि पन्नासेक मेंढरं. नवऱ्याने तिला दोन्ही हातांवर उचलून आणली. चार दिवस अन्न जात नव्हतं, उलट्या होत होत्या, लघवी जवळजवळ बंद. दिवस कडक उन्हाळ्याचे. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे किडन्या काम सोडायला लागलेल्या. यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. ऊन, उलट्या, अंगातलं पाणी आटलं, किडन्या सुकल्या. पाणी भरलं की लघवी सुटेल. मी बाटली लावली आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन आणखी वाढलं, म्हणून मी बाटल्या वाढवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अजून वर गेलं. मग मात्र नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, "उद्यापर्यंत लघवी सुटली नाही तर पुण्याला न्यावं लागेल. डायलिसिस करावं लागेल."

त्याचा चेहरा उतरला. त्यांच्या भावकीतला एक जण वर्षभर डायलिसिसला जाऊन शेवटी गेला होता. "ती मला म्हनली हाय," तो म्हणाला, "मशीनवर न्यायच्या आदी घरी न्या. ती काय ऐकायची न्हाई, म्याडम."

मी आत जायला वळले, पण तो जागचा हलला नाही.

"एक सांगू का? आमची मंडळी जड झाली."

"म्हणजे?"

"चार दिस पोटात अन्न न्हाई. वाळाया पायजे व्हती. मी रोज तिला उचलून बाथरूमला नेतो. आली तवापरीस तीन-साडेतीन किलो वाढली."

मी वैतागले. आधीच डोकं फिरलेलं. "तुमच्या हातात काय काटा आहे का?"

"हाय की," तो शांतपणे म्हणाला. "जलमभर मेंढरं उचलून इकली. यापाऱ्याचा काटा चुकंल, हात न्हाई चुकत."

त्याची खोड मोडायची म्हणून मी सिस्टरना सलाईनचं न उघडलेलं खोकं आणायला सांगितलं. त्याने ते कमरेपर्यंत उचललं, क्षणभर धरलं आणि खाली ठेवलं. "साडेबारा. पुठ्ठ्यासकट तेरा." सिस्टरनी खोकं वजनकाट्यावर ठेवलं. बरोबर तेरा. सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही, कारण माझी नजर खोक्यावरच्या अक्षरांवर होती. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या. म्हणजे तिला लावलेल्या आठ बाटल्यांचे चार लिटर, चार किलो. त्यातलं अर्धा लिटरसुद्धा लघवीवाटे बाहेर आलं नव्हतं. मी भरलेलं पाणीच तो माणूस रोज सकाळी उचलत होता.

मी आत जाऊन तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. पहिल्यांदा हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. ती घोंगडीच्या वळकटीला टेकून बसल्यासारखी झोपली होती. तीन दिवस तशीच होती आणि मी ती तिची सवय समजले होते. मान वळवली तर शीर टरारून फुगलेली, पार कानाच्या पाळीपर्यंत.

"आडवं झाल्यावर काय होतं?"

"जीव घुसमाटतो."

"कधीपासून?"

"चतुर्थीला लेन्याद्रीला गेलो व्हतो, तवापस्नं. निम्म्या पायऱ्यांवर बसले. छातीत लई जळजळ, घाम. पित्त आसंल म्हून सोडा प्याले."

हे तिने लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी काढायचा तो ईसीजी तेव्हा काढला, सोनोग्राफीवर हृदय पाहिलं. झटका येऊन गेला होता. हृदय निम्म्या ताकदीने चाललं होतं, रक्त पुढे ढकलवत नव्हतं आणि मागे तुंबत होतं. त्या तुंबाऱ्यात किडन्या गुदमरल्या होत्या, उलट्याही त्याच्याच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी तर पखाल भरतच सुटले होते.

सलाईन काढली, लघवीसाठी नळी-पिशवी लावली, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. पुण्यातल्या एका हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून पुढचं ठरवलं. नवऱ्याला वाटलं, मी आशा सोडली. बाटली काढली म्हणजे संपलंच.

"पाणी साचून वावर चिबडलं की काय करता?" मी विचारलं.

"पानी तोडतो. चर काढतो."

"तेच करतोय."

तो मान हलवून आत गेला.

संध्याकाळी लघवीच्या पिशवीत तळाला पिवळं दिसलं. तासाभरात पिशवी निम्मी भरली. एवढी सुंदर गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. सकाळी तो बायकोला बाथरूममधून उचलून आणताना दारातूनच म्हणाला, "किलोभर उतरली." क्रिएटिनिन त्या दिवशी थांबलं, दुसऱ्या दिवशी खाली आलं. पुण्याला ती गेली ती नंतर, हृदयाच्या उपचारांसाठी, आणि गाडीपर्यंत चालत गेली. "आता उचलू नगा, लोकं बगत्यात," असं नवऱ्याला दटावत.

जाताना मी बजावलं होतं, रोज सकाळी वजन करायचं, दोन किलो वाढलं तर लगेच यायचं, त्यासाठी घरी काटा घ्यायचा.

"काटा कशाला? मी हाय की," तो म्हणाला.

"काटा घ्याच," मी म्हटलं.

दीड महिन्याने ती तपासायला आली. क्रिएटिनिन जवळजवळ पूर्वीसारखं झालं होतं. तो बाहेर गाडी लावत होता. मी विचारलं, "काटा घेतला का?"

"लेकीनं आनला. रोज उभी ऱ्हाते." मग दाराकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "पर त्याच्या आदी हे उचलत्यात. चाळीस वर्सं मेंढरं उचलली, मला कदी न्हाई. आता रोज सकाळी उचलून सांगत्यात, आज इतकी भरली."

"आणि जुळतं का काट्याशी?"

"कदी कदी न्हाई जुळत. मग मी म्हनते, काटाच चुकला."

मी रागावायच्या बेतात होते. "अहो, मग औषधासाठी वजन कुठलं धरता?"

"काट्याचं," ती म्हणाली. "पर ह्यांना सांगू नगा."