कुठं नाय, पाण्यावर

लेकराला ताप आलाय का हे आई जसं बघते, तसे आमचे शिंपीमामा परसात उपड्या घातलेल्या होडीला हात लावायचे. पालथा पंजा लाकडावर ठेवून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "अंग थंड हाय." मग मशीन चालवायला बसायचे.

महाडच्या पेठेत त्यांचं दुकान माझ्या किराण्यासमोर होतं. घर मात्र सावित्रीच्या काठाला. त्या काळी होडी असायची ती माल, मासळी नाहीतर माणसं न्यायला. मामांची होडी एका माणसापुरती, आंब्याच्या खोडातून त्यांनी स्वतः कोरलेली. हातातलं वल्हंही जगावेगळं, बांबूच्या दोन्ही टोकांना फणसाच्या फळीची पाती. ओहोटीबरोबर दासगावकडे जायचे, भरतीबरोबर परत यायचे. कुणी विचारलंच, "मामा, कुठे गेला होता?" तर उत्तर ठरलेलं. "कुठं नाय, पाण्यावर."

पेठेला हे काही पचायचं नाही. तुम्हीच सांगा, धंद्याच्या वेळी रिकामी होडी फिरवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? आम्हीही तेच म्हणत होतो.

त्यात त्यांनी मांजरपाटाला मेण चोळून होडीच्या तोंडावर झालर शिवली. ती कमरेला आवळली की लाटेचं पाणी आत यायचं नाही. मामी ओट्यावरून ओरडल्या, "होडीला परकर शिवलाव! मला चोळी कवा शिवताव?" बुडालो तर तरंगायला कमरेला दोन सुके भोपळे, पाणी उपसायला करवंटी, फटीत भरायला कापूस आणि राळ. होडीला माशाचं तेल लावलं की आठवडाभर घरात जेवण जायचं नाही. मामी होडीला सवत म्हणायच्या, आणि ते काही सगळंच थट्टेत नसायचं.

एकदा मी भरतीच्या वेळी घाटावर होतो. मामा मधोमध वल्हं आडवं धरून नुसते बसले होते. समुद्राचं पाणी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत चढत आलं आणि होडी आपोआप गावाकडे वळली. काठाला लागल्यावर ते मला म्हणाले, "समुद्र इथवर येतो भाऊ, आन् आपण दुकानात बसतो." इतकी वर्षं मी त्या पाण्यात नुसते पाय धूत होतो.

मग एका वैशाखात मामांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण काळीज दुबळं झालं. वल्हं हातात धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामांना स्वतःची चिंता नव्हती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्या उन्हात होडी तडकली तर ती कायमची गेली. डोळे उघडले की एकच प्रश्न, "तिचं अंग कसं हाय गो?"

मी भेटायला गेलो तर मामी परसात होडीला शेणकाला फासत होत्या, अंगण सारवावं तसा. वर ओली गोणपाटं. पालथा पंजा ठेवून त्या आत आल्या. "थंड हाय. निजा."

मामा इतके हसले की ठसका लागला. "आजवर आतच बसलो. पाण्यात कशी दिसते, ती येकदा बघू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही त्यांना नदीकडच्या मागच्या पडवीत बसवलं. मला वाटलं, मामी कुणा कोळ्याला बोलावतील. त्यांनी कासोटा घट्ट केला, भोपळे बांधले आणि स्वतःच होडीत बसल्या.

"अवो, हलतेय ही!"

"हलू दे गो! तू कवळून नको बसू!"

होडी दोनदा गोल फिरली, मग सरळ झाली. मामा रडत होते आणि हसत होते. होडीत पाण्याचा थेंब शिरला नव्हता.

पाऊस लागायच्या आधी मामा गेले. मशीन विकलं गेलं. होडीला गिऱ्हाईक आलं, ते मामींनी दारातूनच परतवून लावलं.

पुढे नदी निवळल्यावर एका संध्याकाळी मी घाटावर गेलो, तर वळणावरून भरतीबरोबर होडी येत होती. मामींनी ती काठावर ओढली, करवंटीने पाणी उपसलं, उपडी घातली आणि पालथा पंजा ठेवला.

"मामी, कुठे गेला होता?" मी विचारलं.

"कुठं नाय," त्या म्हणाल्या. "पाण्यावर."