बक्षिसाची पेटी

"तिथं जाऊन काम काय करायचं?" आईनं विचारलं.

"काही नाही. राहायचं, फिरायचं, जेवायचं."

"मंग जायचं कायले?"

नाताळच्या सुट्टीत टिपेश्वरच्या जंगलाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवस राहायचं आम्ही ठरवलं, तेव्हाचं हे बोलणं. आईचा प्रश्न तिच्या जागी बरोबर होता. माझे वडील गेल्यावर तिनं वणीच्या एका लॉजमध्ये खोल्या झाडायचं आणि चादरी बदलायचं काम धरलं, ते गुडघे बोलायला लागेपर्यंत केलं. त्या पगारावर मी शिकले, पुसदला शाळेत गणिताची शिक्षिका झाले आणि आईला माझ्याकडे घेऊन आले. हॉटेल म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर बादली आणि फिनाईल यायचं. हॉटेलच्या पलंगावर झोपायचं असतं, हे तिला माहीत होतं, पण ते दुसऱ्यांनी.

शेवटी माझ्या नवऱ्यानं गळ घातली. "आई, तुम्ही नाही आलात तर आम्हीही जात नाही."

"जावईबापू म्हनत असन तं येते," ती म्हणाली आणि दोन साड्यांची पिशवी भरून तयार झाली.

पुसदहून दिग्रस, आर्णी करत आम्ही दुपारी पोचलो. वाटेत दोन्ही बाजूंनी कापूस वेचणं चालू होतं. रिसॉर्ट म्हणजे सागाच्या झाडांत विखुरलेली दहा-बारा घरं. आमच्या घराला दोन खोल्या होत्या. आई आपल्या खोलीत गेली, पलंगाच्या काठावर बसली, चादरीवरून हात फिरवला, मग वाकून पलंगाखाली पाहिलं.

"खालून झाडलं आहे," ती समाधानानं म्हणाली. "लोक खालून झाडत नाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला चहाला बोलवायला गेले, तर तिनं पलंग नीट लावलेला, बेसिन पुसलेलं, टॉवेल घडी घालून ठेवलेले. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात खोली साफ करणारी बाई चादरी घेऊन दारात आली. तिशीतली असेल. रिसॉर्टचा निळा शर्ट, खाली साडी, हातावर जुन्या पद्धतीचं गोंदण. खोली पाहून ती दारातच थांबली.

"रूम कोनी केली?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काल काही राहून गेलं होतं का मॅडम? साहेबाले काही सांगितलं का?"

"नाही हो, काहीच नाही," मी म्हणाले.

"मीच केली," आई म्हणाली. "सवय आहे बाई. मी बी हेच काम केलं, वणीले."

बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत येऊन पलंगाचे कोपरे पाहिले, जिथं आईनं चादर गादीखाली दाबली होती.

"पक्की आहे," ती हसून म्हणाली. "पन टॉवेलचं बदक नाई केलं."

"कायचं बदक?"

मग बाईनं टॉवेल घेतला, दोन्हीकडून गुंडाळला, मुडपला आणि पलंगावर मान उंच केलेलं पांढरं बदक उभं राहिलं. आई लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. "आमच्या टायमाले टॉवेलनं लोक आंग पुसत," ती म्हणाली. त्या दोघी मग बराच वेळ बदकं करत बसल्या. आईच्या बदकाची मान काही उभी राहीना.

ती बाई जवळच्याच एका बंजारा तांड्यावरची होती. दोन मुलं, नवरा दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन-कापसाच्या कामाला. आईला ती आधी आजी म्हणत होती. बदकांच्या नादात याडी म्हणायला लागली. तिच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. आईनं मला अर्थ विचारला नाही. तिला तो कळला होता.

दुपारी जेवताना नवऱ्यानं आणि मी त्या बाईला टीप द्यायची का, किती द्यायची, यावर वाद घातला. नवरा वीज खात्यात, युनियनचा जुना माणूस. त्याचं म्हणणं, "टीप म्हणजे मालकानं कमी पगार द्यायचा आणि उरलेला आपण भरायचा. त्यापेक्षा तक्रारवहीत लिहा, हिचा पगार वाढवा म्हणून."

"त्या वहीनं तिचं तेल-मीठ येणार आहे का?" मी म्हणाले. माझं मत होतं, निघताना एक चांगली पाचशेची नोट उशीखाली ठेवावी. न बोलता. तिलाही अवघड नको, आपल्यालाही.

आई वरण-भात कालवत ऐकत होती. मी विचारलं, "आई, तुला काय वाटतं? तू तर घेणारी होतीस."

"पाहू," एवढंच ती म्हणाली.

पण तिनं मनाशी ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई चादर बदलून निघाली, तेव्हा आईनं आपल्या बटव्यातून शंभराची नोट काढली आणि हात पुढे केला. "घे पोरी. चहापान्याले."

बाई दोन पावलं मागं सरकली. "नाई याडी. हातात नाई घेत मी."

आईचा हात तसाच हवेत राहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. वणीच्या लॉजमध्ये काही गिऱ्हाइकं तिला आडनाव विचारत आणि मग तिनं आणलेला पाण्याचा जग बाजूला ठेवून स्वतः नळावर जात. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी नोकरीला लागल्यावर. आता तिनं हात मागं घेतला, नोट मुठीत चुरगळली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाईला कारण कळलं नसेल, पण काहीतरी दुखलं हे कळलं. ती चादरींचा गठ्ठा खाली ठेवून सरळ आईजवळ आली, पलंगावर बसली आणि आईचा हात दोन्ही हातांत धरला.

"याडी, तुमच्या हातचं नाई म्हनत मी. आमचं ठरलेलं आहे. कोनाच्याच हातातून घ्यायचं नाई. तिकडे ऑफिसात पेटी आहे, तिच्यात टाकायचं."

आई वळली. पण आता तिच्या डोळ्यांत वेगळाच संशय. "अन् पेटीची चावी कोनाजवळ? मालकाजवळ?"

"आमच्याजवळ," बाई म्हणाली. तिचा चेहरा खुलला. "आमीच मांगून घेतली."

मग तिनं सांगितलं. आधी टीप ज्याची त्याला मिळायची. तलावाकडच्या घरांत मोठे लोक उतरत, त्यामुळं ती घरं मिळावीत म्हणून बायका आपसांत भांडत. कपडे धुणारीला आणि बागेतल्या म्हाताऱ्याला कुणी काहीच देत नसे, कारण पाहुण्यांना ते दिसतच नसत. मग ऑफिसनं पेटी ठेवली. पण चावी त्यांच्याकडे, आणि किती निघाले ते कुणाला सांगत नसत. "मंग आमी साऱ्या जनी एकदमच गेलो सायबाकडे. मनलं, पेटी राहू द्या, चावी आमाले द्या. काही दिवस त्यायनं तोंड वाकडं केलं. पन आमी हटलो नाई, मंग देली. आता पगाराच्या दिवशी साऱ्यांच्या समोर खोलतो. धोबीन, माळीबाबा, भांडेवाली, साऱ्यायले सारखं."

"आणि तलावाकडची घरं?" मी विचारलं.

"आता कोनी भांडत नाई. पाळीपाळीनं करतो."

दारात उभा असलेला माझा नवरा सगळं ऐकत होता. तो आपला मुद्दा सोडणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "पण ताई, पगार वाढवून मागायला नको का?"

"तो बी मांगून राह्यलो ना सर. पन तवर पेटी बंद कायले ठेवायची?"

नवरा मोठ्यानं हसला. युनियनच्या किती सभांना गेला असेल, पण त्या दिवशी तो जितका खूश झाला तितका खूश मी त्याला सभेवरून येताना कधी पाहिलं नाही.

 मग आईनं बोलायला सुरुवात केली, माझ्याशी नाही, त्या बाईशी.

"आमी दोघी होतो लॉजमधी, मी अन् माझी एक मैत्रीन. मी खालच्या मजल्यावर, ते वरच्या. एका डब्यात जेवत होतो. एकदा एक ट्रकवाला मालक उतरला. त्याले कावीळ झाली. घरचं कोनी नाई. मी त्याले पानी उकळून देल्लं, मऊ भात करून नेला. बरा होऊन निघाला तं त्यानं माझ्या हातात लय मोठी नोट ठेवली. तिच्या समोरच. तिनं इचारलं, किती देल्ले व? मी मुठीत दाबली न म्हनलं, काही नाई, थोडेसे. तवापासून आमचा डबा वेगळा झाला. तिच्या पोरीचं लगन झालं, मले बोलावलं नाई."

"आता कुठं आहे त्या?" बाईनं विचारलं.

"वणीलेच असन."

"मंग जा ना याडी. इथून दूर थोडीच आहे."

तिला पुढच्या खोल्या करायच्या होत्या, ती उठून गेली. आम्ही दुपारी जंगलात जाऊन आलो. सांबर दिसले, मोर दिसले, वाघ काही दिसला नाही. आईचं तिकडे लक्षही नव्हतं. परत आल्यावर ती ऑफिसात गेली आणि नोट सरळ करून पेटीत टाकली. नवऱ्यानं टाकली, मीही टाकली. उशीखाली ठेवायची माझी पाचशेची नोट अशी पेटीत गेली. निघायच्या दिवशी त्या बाईची सुट्टी होती आणि खोलीवर दुसरीच बाई होती. आईनं त्या दिवशीही शंभर टाकले. "खोली तं आजची बी आहे ना," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर नवऱ्यानं पुसदच्या रस्त्याला वळायच्या आधी विचारलं, "आई, घरी जायचं की वणीला?"

आईनं पदर सारखा केला. "तुमाले उशीर होईन."

"नाही होत."

पांढरकवड्याहून वणीचा रस्ता, त्यावर कोळशाचे ट्रक, त्यांच्यामागून आम्ही. लॉज आता नव्हताच, तिथं मोबाइलचं दुकान होतं. पण शेजारच्या पानठेलेवाल्याला आईची ती मैत्रीण माहीत होती. रेल्वेलाइनच्या पलीकडे, निळ्या दाराचं घर, असं त्यानं सांगितलं.

दार उघडलं ते एका बारीक म्हातारीनं. डोळ्यांवर जाड चष्मा. आईकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"तू व?" ती म्हणाली. "आता आठवन आली तुले?"

मला वाटलं, आता दार लागणार. पण ती बाजूला झाली. आम्ही आत गेलो. आई खुर्चीवर न बसता तिच्याजवळ सतरंजीवर बसली, गुडघ्यांचं न ऐकता.

"त्या दिवशी पाचशे होते," आई म्हणाली. "तवाचे पाचशे. मी तुले सांगितलं नाई."

म्हातारीनं चष्मा काढून पुसला. "मले पैशाचं नव्हतं व. तू मूठ दाबली ना माझ्यापासून, त्याचं वाईट वाटलं. मी काय हिसकून घेनार होती?"

"लाज वाटली मले."

"कायची?"

"तू बी त्याले पानी नेऊन देत होती. मले एकटीलेच काहून मिळाले, म्हनून."

 म्हातारीनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत त्या लॉजच्या मालकाच्या घोरण्यावर आल्या होत्या, आणि चहा निवेपर्यंत आई डोळे पुसत हसत होती. आम्ही नवरा-बायको बाहेर जाऊन समोसे खाऊन आलो तरी त्यांचं संपलं नव्हतं. आई तिला पेटीबद्दल सांगत होती. चावी कशी मागितली, साहेबानं तोंड कसं वाकडं केलं, सगळं, जणू ती स्वतःच त्या बायकांबरोबर ऑफिसात गेली होती.

"अशी अक्कल आपल्याले असती तं," म्हातारी म्हणाली.

"आपन दोघीच होतो व. दोघीची कायची पेटी?"

"डबा तं होता ना एक."

त्यानंतर दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. म्हातारीला कमी ऐकू येतं, त्यामुळं आमच्या सगळ्या गल्लीला वणीची खबर असते. उन्हाळ्यात ती एसटीनं पुसदला आली आणि आठवडाभर राहिली. आईनं तिला आपल्याच खोलीत झोपवलं. जाताना म्हातारीनं माझ्या नवऱ्याला बाजूला बोलावून विचारलं, "जावईबापू, समुद्र किती दूर आहे हो इथून?"

नवऱ्यानं त्याच दिवशी रेल्वेच्या गाड्या पाहायला घेतल्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं निघतो आहोत. आईनं या वेळी कायले म्हणून विचारलं नाही. फक्त तिकडची हवा कशी असते आणि शाल लागेल का, एवढंच विचारलं.