पहिला मजला की उजेड?

आज शनिवार. सकाळी आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत दोन घरं पाहिली. पहिल्या मजल्यावरच्या घरात भर दिवसा दिवा लावावा लागला. सोळाव्यावरच्या घरात ऊन थेट ओट्यापर्यंत येत होतं.

कमिटीचे सावंतकाका म्हणाले, "पहिलाच घे गो. लिफ्ट बंद पडली तर बापाला काय खांद्यावर नेशील?"

दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. चाळ पाडली तेव्हा आईला जिना नको म्हणून संक्रमण शिबिरात तळमजला मागून घेतला. संपात बाबांची गिरणी सुटल्यावर आईने खानावळ चालवून घर सांभाळलं. मोतीबिंदू झाला तरी ती चाळीच्या खिडकीत सूप घेऊन तांदूळ निवडायची. तळमजल्यावर तिला खडे दिसेनात. आठवड्याभरात तिने सूप माझ्याकडे दिलं. मग हळूहळू अंथरूणच धरलं. गेल्या महिन्यात ती गेली.

बाबांना विचारलं तर उलट आईची आवड विचारत म्हणाले, "तुझ्या आवशीक खंयचा आवाडला असता?"

सोमवारी सही करायची आहे. बाबांचे गुडघे गेलेत, लिफ्टची भीती खोटी नाही. तुम्ही काय केलं असतं?

बाबा झोपलेत. सूप घेऊन बाहेर पायरीवर बसते. उजेड आहे तोवर तांदूळ निवडून घेते.