काकासाहेबांचं कोरडं इंजिन

काकासाहेब गायके यांनी बनवलेला माल जगात सगळ्यात जास्त कुणी बाद केला असेल, तर तो मी. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण लाजूनही सांगत नाही. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते टर्नर होते आणि मी इन्स्पेक्शनला. ते लेथवर पीस काढायचे, मी त्याला गेज लावायचो आणि केसाएवढा फरक निघाला तरी लाल रंगाचा ठिपका लावून परत पाठवायचो. चौतीस वर्षं आमचं हेच चाललं.

"साळवेसाहेब, तुम्हाला दया-माया हाये का नाय?" ते विचारायचे.

"दया घरी. इथं गेज," मी म्हणायचो.

एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर त्यांनी माझं तोंड बघायचं सोडायला हवं होतं. पण दोघांची घरं पुंडलिकनगरात, मध्ये दोनच गल्ल्या. पहिल्याच आठवड्यात हा माणूस दारात येऊन उभा. म्हणाले, "घरी एक पीस काढलाय. मापायला कुणी नाय. चला." तेव्हापासून रोज सकाळी दहाचा चहा मी त्यांच्या गच्चीवर घेतो.

निवृत्त माणसं नातवंडं सांभाळतात, भाजी निवडतात, मैदानावर जमून उगाच मोठ्याने हसतात. यांनी गच्चीवर पत्र्याची शेड टाकून एक जुना छोटा लेथ आणला आणि गरम हवेची इंजिनं करायला घेतली. त्यात पेट्रोल नाही, वाफ नाही, स्फोट नाही. एका बंद नळीत हवा कोंडलेली असते. नळीचं एक टोक तापवायचं, दुसरं गार ठेवायचं. आतला एक हलका दट्ट्या हवेला कधी गरम टोकाकडे ढकलतो, कधी गार टोकाकडे. तापली की ती फुगते, निवली की आक्रसते आणि त्या जोरावर दुसरा दट्ट्या मागेपुढे होऊन चाक फिरवतो. हवा तीच, नवी आत येत नाही, जुनी बाहेर जात नाही. मला हे तीनदा ऐकल्यावर समजलं. सारजावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, एकदाच ऐकून समजलं. "पुरीवाणी फुगतंय अन् बसतंय, व्हय ना?" एवढं बोलून त्या खाली निघून गेल्या.

पहिलं इंजिन दुधाच्या पावडरीच्या डब्याचं आणि फुग्याच्या रबराचं होतं. ते मेणबत्तीवर अकरा फेरे फिरलं आणि रबर वितळलं. दुसऱ्यापासून त्यांनी काचेची सिरिंज वापरली, पूर्वी डॉक्टर उकळून वापरायचे तसली. तिच्यातला दट्ट्या काचेत असा बसतो की हवा निसटत नाही आणि अडकतही नाही. अट एकच, तो कोरडा पाहिजे. तेलाचा थेंब गेला की चिकटतो, आणि गरम हवेच्या अंगात तो सोडवण्याइतका जोर नसतो. काकासाहेबांनी भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : तेल नको.

जळणाची गोष्ट याहून मोठी. स्पिरिटच्या दिव्यावर इंजिन झकास चालायचं, पण ते यांना पटेना. "स्पिरिटवर कुणीबी चालवंल. आपल्याकडं जे जळतं त्याच्यावर चाललं पाहिजे." मग लासूर स्टेशनजवळच्या भावाच्या शेतातून पोती यायला लागली. वही माझ्याकडे होती. जळण कोणतं, किती वेळात चाक सुटलं, मिनिटाला किती फेरे, सगळं मी लिहायचो. कपाशीच्या पऱ्हाट्या पाच मिनिटं नुसत्या फुरफुरायच्या, मग राख. मक्याची दाणे काढलेली कणसं बरी, पण काजळी धरायची. गोवरी पाव तास काहीच करायची नाही आणि एकदा मनावर घेतलं की हटायची नाही. तिच्या धुराने शेजारच्या बाईंच्या धुतलेल्या चादरींना वास लागला आणि त्या बाई आम्हा दोघांना जे बोलल्या ते मी वहीत लिहिलं नाही. शेवटी तुराट्यांचा कोळसा कुटून, त्यात शेण कालवून सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या. मूठभर गोळ्यांवर इंजिन एक तास दहा मिनिटं चाललं. त्या दिवशी काकासाहेबांनी मला दोनदा चहा पाजला.

हे सगळं चाललं असताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. पहिल्यांदा चहाच्या कपात दिसलं. डॉक्टर म्हणाले, हे कमी होणार नाही, वाढेल. गोळ्यांनी थोडं सावरता येईल. काकासाहेबांनी मला त्यातलं काही सांगितलं नाही. वहिनींनी जिन्यात सांगितलं.

श्रावणात त्यांनी नव्या, मोठ्या इंजिनाचं पितळी चाक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी मधल्या भोकाला गेज लावलं. गेजचं जे टोक आत जायला नको, ते सरळ आत गेलं. असा पीस मी त्यांच्याकडून उमेदवारीच्या दिवसांतही पाहिला नव्हता. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला होता.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"पास?"

"पास."

माझ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. घरी जाऊन मी नीट जेवलो नाही.

इंजिन जोडून झालं, नवरात्रात एकदा चालवूनही पाहिलं. मग त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्याला सारजाच्या शेगडीवर ठेवतो. पोळ्या करताना चाकाला जोडलेला पंखा फिरला पाहिजे. फिरला तर पुढचं इंजिन करीन. नाय फिरला, तर लेथ भंगारात. खामखा जागा अडवायची नाय." ते हसत बोलले, पण लेथवरचं कापड त्यांनी तेव्हाच घट्ट बांधून टाकलं.

दसऱ्याला मी सकाळी बुद्ध लेणीवर जातो. तिथून पांढऱ्या कपड्यांतच दुपारी त्यांच्या गच्चीवर पोचलो, तर शेगडी वर आणून पेटवलेली, इंजिन तापलेलं आणि पंखा ढिम्म. काकासाहेब वहिनींवर कातावले होते.

"मशीनला कुंकू लावायचं असतं, मशीनमधी भरायचं नसतं!"

"मी इंजिनाखालच्या लाकडाला लावलं," वहिनी पोळी लाटत म्हणाल्या. "काचंला हात नाय लावला."

मी मध्ये पडलो. इंजिन उतरवलं, निवू दिलं, खिशातला पांढरा रुमाल काढला आणि काचेच्या तोंडाशी फिरवला. रुमालावर कुंकवाचा कण नव्हता. पिवळसर डाग होता. मी वास घेतला आणि रुमाल काकासाहेबांपुढे धरला.

त्यांनी रुमाल पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. "तेल नको" या अक्षरांखाली तेलाची कुपी ठेवली होती, तिच्या चोचीला कालच्या झेंडूची पाकळी चिकटलेली.

काल खंडेनवमी होती. आमच्या कंपनीत त्या दिवशी मशिनी बंद ठेवून प्रत्येक जण आपली मशीन पुसायचा, तेल द्यायचा, मग हळदकुंकू, हार, नारळ. काकासाहेबांचा हात चौतीस वर्षं या क्रमाने चालला होता. काल सकाळी आंघोळ करून ते गच्चीवर आले, इंजिन पुसलं आणि तेल दिलं. मग वहिनींनी पूजा केली.

"मीच दिलं," ते म्हणाले. "सारजा, चुकलं माझं. मीच दिलं."

दट्ट्या काढून स्पिरिटने पुसायचा होता, एवढंच काम. पण तो सुईएवढ्या पिनवर अडकवलेला. काकासाहेबांनी चिमटा घेतला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा चिमटा काचेवर टिकटिकला. चौथ्यांदा त्यांनी तो खाली ठेवला आणि लेथकडे बघत बसले. मी हात पुढे केला नाही. मला मापता येतं. उघडता-जोडता कधीच आलं नाही.

वहिनींनी हाताचं पीठ झटकलं, पदराला बोटं पुसली आणि समोर येऊन बसल्या. "कुठली पिन?"

लग्नकार्यात तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले वळायला लासूरहूनही त्यांना बोलावणं येतं. ती बोटं चिमट्याशिवायच पिनपाशी गेली.

"हळू. उजवीकडं. दाबू नको. आता वर घे, सरळ, बिल्कुल सरळ..."

"मी गव्हले वळताना तुम्ही असं बोलता का? गप बसा."

ते गप्प बसले नाहीत, पण त्यांनी आवाज खाली आणला. पिन निघाली. दट्ट्या बाहेर आला, काच पुसली गेली, दोनदा, तीनदा, कोरडी होईपर्यंत. वहिनींनी सगळं उलट्या क्रमाने न विचारता जोडलं. मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. चौतीस वर्षं मी चुकीच्या गायक्यांचा माल तपासला की काय, असं वाटलं.

इंजिन पुन्हा शेगडीवर चढलं. आम्ही थांबलो. पुरणाचा वास सुटला होता आणि तव्यावरची पोळी करपत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"दे एक झटका," काकासाहेब म्हणाले.

वहिनींनी बोटाने चाक फिरवलं. थांबलं. पुन्हा फिरवलं. थांबलं. तिसऱ्यांदा ते थांबतंय असं वाटलं, मग आपोआप पुढे सरकलं आणि फिरतच राहिलं. पंखा टकटक करत सुटला आणि वहिनींच्या घामेजल्या कपाळावरचे केस उडाले. मला फार आनंद झाला. मी टाळी वाजवली, या वयात.

काकासाहेब मात्र चाकाकडे बघत होते.

"साहेब, श्रावणात हे चाक तुम्ही पास केलं."

मी रुमालाची घडी घालायला लागलो.

"चौतीस वर्षांत तुम्ही मला एक केस सोडला नाय. डॉक्टरनं सांगितलं तव्हा मी मानलं नव्हतं. तुम्ही पास म्हणाले, तव्हा मालूम झालं, हात गेला."

मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवलं. शेगडीच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं हे बरं असतं.

"आता खरं सांगा," ते म्हणाले.

मी खाली वाकून चाकाच्या रेषेत डोळा लावला. फिरताना ते एका बाजूला स्पष्ट डुलत होतं. "भोक मोठं झालंय. चाक हेलकावतंय. चालेल पंधरा दिवस, मग पिन खाईल," मी म्हणालो. "रिजेक्ट."

काकासाहेब असे हसले की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. हसता हसताच त्यांनी वहिनींना सांगितलं, "ऐकलं का? नवं चाक काढावं लागंल. उद्या लेथवर तू बसायचं, मी सांगतो."

"आधी पोळ्या होऊ द्या," वहिनी म्हणाल्या. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

मग काकासाहेबांनी थरथरत्या हाताने कालचं पूजेचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "लाल लावा, साहेब. नियम म्हंजे नियम."

पूजेच्या ताटाला मी आयुष्यात हात लावला नव्हता. कुंकवात बोट बुडवलं, चाक दुसऱ्या हाताने थांबवलं आणि त्यावर ठिपका लावला, कंपनीत लावायचो तसाच, कडेपासून अर्ध्या बोटावर. हात काढला. वहिनींनी पुन्हा झटका दिला.

"आता बराबर," काकासाहेब म्हणाले.