सर्व्हर चालू होता

"सर्व्हर सकाळभर डाउन होता, एवढं एका ओळीत लिहून दे," असं फिलिपने मला सांगितलं, तेव्हा मी त्याच सर्व्हरसमोर बसलो होतो आणि तो ठणठणीत चालू होता.

गोष्ट २००५ची. न्यूयॉर्कमध्ये देशांच्या एका गटाच्या ऑफिसात मी मेल सिस्टिम सांभाळायचो. गटाचं नाव सांगत नाही. वीसेक देश, परराष्ट्र धोरण समाईक. म्हणजे जगात कुठे काही झालं की सगळ्यांनी मिळून एकच निवेदन काढायचं, आणि त्यातल्या शब्दाशब्दाला सगळ्यांची संमती हवी. दर वेळी मीटिंग कोण घेणार? म्हणून फिलिप, तिथला मुख्य सेक्रेटरी, मसुदा सगळ्यांना मेल करायचा आणि मुदत द्यायचा. तोवर कोणी हरकत घेतली नाही तर मसुदा मंजूर. याला ते 'सायलेन्स' म्हणायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गप्प बसलेल्यांचा होकार धरतात, तसंच.

त्या दिवशीचा मसुदा वेढा पडलेल्या एका शहराबद्दल होता. तिथल्या सरकारने अन्नाचे ट्रक ताबडतोब आत सोडावेत, नाहीतर त्याला शस्त्रं विकणं बंद. मुदत दुपारी बाराची. बारापर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. पावणेएकला एका देशाची हरकत आली. मेल मिळालाच नव्हता म्हणे! त्या सरकारला शस्त्रं हाच देश विकायचा, हे आमच्या ऑफिसात चहावाल्या बाईलासुद्धा माहीत होतं.

मी लॉग काढला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोणता मेल कधी पोचला, कधी उघडला, सगळं त्यात आपोआप नोंदलं जातं. मेल नऊ अठराला पोचला होता आणि नऊ पंचवीसला उघडला होता. झोपा काढल्या यांनी आणि खापर माझ्या सर्व्हरवर!

मी फिलिपपुढे कागद धरला. त्याने त्याकडे बघितलंही नाही.

"लॉग कोणी मागितला? सर्व्हर डाउन असला की मसुदा पुन्हा फिरवता येतो. कोणाचीच अडचण होत नाही."

"आणि त्या शहरातले लोक?"

"तो तुझा विषय नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागेवर येतो तोच एडिसनहून शिरीषचा फोन. ज्या कन्सल्टिंग कंपनीने मला इथे कामाला लावलं होतं, तिचा शिरीष मालक. फिलिपने त्याला आधीच गाठलं होतं. माझा व्हिसा त्याच्या कंपनीच्या नावावर, म्हणजे त्याने काढलं की बॅगा भरायच्या. बायकोला सातवा महिना होता.

"अरे यार, एक लाइन लिही ना. काय जातंय तुझं?"

"खोटं आहे ते, शिरीष."

"क्लायंट आहे तो! आज लिहिलं नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस. मग व्हिसाचं तुझं तू बघ."

फोन आपटला. मी मेल लिहिला. 'सर्व्हर चालू होता. लॉग सोबत जोडला आहे. चार वाजेपर्यंत कोणाची हरकत न आल्यास हे सर्वांना मान्य आहे असं धरलं जाईल.' आणि सगळ्या देशांना पाठवून दिला.

चार वाजले. एकाही देशाने हरकत घेतली नाही. सगळ्यांनी मेल उघडला होता.

साडेचारला सिक्युरिटीवाला माझं ओळखपत्र मागायला आला. सर्व्हर डाउन होता हे शिरीषने स्वतःच्या सहीने लिहून दिलं आणि मसुदा पुन्हा फिरला. नऊ दिवसांनी निवेदन निघालं. 'ट्रक सोडावेत'च्या जागी 'चिंता वाटते'. शस्त्रांचं वाक्य गायब. सगळ्यांच्या संमतीने.

ॲशबर्नच्या एका डेटा सेंटरने पंधरवड्यात माझा व्हिसा ट्रान्सफर करून घेतला, म्हणून आम्ही वाचलो. त्या शहरातल्यांचं नशीब तेवढं नव्हतं. पेपरात मी ती बातमी रोज शोधायचो आणि वाचून चिडायचो.

लॉग खोटं बोलत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तो वाचून कोणी काही करेलच असं नाही, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.